तुमच्या नावाची नळी

४ फेब्रुवारी

वन्सं,

पाकीट फोडून आधी खालची सही बघितली असेल तुम्ही. आता कपाळाला आठ्या घालून का होईना, वरचंही वाचा. फोन मी पाच वेळा केला. माझा नंबर दिसला की तुम्ही उचलत नाही, हे कळायला मला पाच फोन लागले, एवढीच माझी अक्कल. पण हातात आलेला कागद तुम्ही वाचल्याशिवाय टाकत नाही. औषधाच्या बाटलीबरोबर घडी घालून येतो ना, मुंगीच्या अक्षरांतला, तोसुद्धा तुम्ही चष्मा लावून वाचता. म्हणून पत्र.

दीड वर्ष झालं. तुम्ही मुलाकडे कायमच्या राहायला निघालात त्या दिवशी मी स्टँडवर आले नाही. तुम्ही म्हणे सगळ्यांदेखत म्हणालात, "तिला आता नोकरी लागलीय, तिला आमच्यासाठी कुठला वेळ." मला लागलं ते. तरी मी खुलासा केला नाही आणि आजही करत नाही. तुमचा राग आहे तसा राहू दे, आज माझं काम वेगळं आहे.

तुम्हाला अंगावरून लाल जातंय, असं मला कळलं. कोणाकडून ते विचारू नका. तीन महिने झाले म्हणतात, आणि तुम्ही "म्हातारपणी पुन्हा तरुण झाले" म्हणून थट्टेवारी नेता. वन्सं, पाळी जाऊन सहा वर्षं झालेल्या बाईला रक्त दिसलं तर ती उष्णता नसते. तिथल्या मोठ्या दवाखान्यात जा आणि आतून तपासून घ्या. सुनेला बरोबर न्या. तिला सगळं ठाऊक आहे, तिच्यासमोर लाजण्यासारखं आता काही उरलेलं नाही.

मी आपल्या गोळ्यांच्या केंद्रात दिवसातून दहा वेळा म्हणते ते तुम्हालाही म्हणते. आपल्या रक्तात एचआयव्ही आहे. एचपीव्ही नावाचा दुसराच एक विषाणू असतो, तो कित्येक बायकांना होतो आणि बहुतेकींच्या अंगातून आपसूक निघून जातो. आपल्यासारख्यांच्या अंगात मात्र तो मुक्काम ठोकतो. गर्भाशयाच्या तोंडाशी बसून राहतो आणि तिथून कॅन्सरची सुरुवात होते. इतर बायकांपेक्षा आपल्याला हा धोका सहा पट. रोजच्या गोळ्यांनी एचआयव्ही गप्प बसतो, पण याच्यावर वेगळी नजर ठेवावी लागते.

"पुरे तुझं भाषण," म्हणाल. पुरे करते. उद्या जा.

तुमची भावजय

१५ फेब्रुवारी

वन्सं,

तुमचं पाकीट मिळालं. आत पत्र नाही, नुसती रिपोर्टची झेरॉक्स, आणि त्यावर लाल पेनाने दोनच वाक्यं: "एचपीव्ही आढळला नाही. खाली सही तुझीच आहे, ओळखतेस ना?"

ओळखते. तेव्हा नुकतीच केंद्रात सोबतीण म्हणून लागले होते, म्हणजे आपल्यासारख्या बायकांना घरी जाऊन समजवायचं, नमुना आणायचा आणि कागदावर आणणारीची सही करायची. सही करायची एवढी हौस होती की नावाखाली रेघसुद्धा ओढलीय बघा.

हा रिपोर्ट दोन वर्षांपूर्वीचा आहे. रिपोर्ट चांगला असला तरी रक्त दिसलं की तपासायचंच, असा नियम आहे. कुठल्याही डॉक्टरला विचारा. नियमावर तुमचा विश्वास आहे, माझ्यावर नसला तरी. शर्टाच्या कारखान्यात पंचवीस वर्षं तुम्ही चेकर होतात. गठ्ठ्यावर "पास"ची चिठ्ठी आहे म्हणून डाग पडलेला शर्ट तुम्ही कधी पुढे जाऊ दिलात का? मग इथेच चिठ्ठीवर एवढा विश्वास कशाला?

सून म्हणते, रिपोर्ट तुम्ही लॅमिनेट करून घराच्या कागदपत्रांत ठेवलाय आणि कोणी दवाखान्याचं नाव काढलं की तोच समोर धरता. (हो, सुनेनेच सांगितलं. चादरी तीच धुते. तिच्यावर डोळे वटारू नका, तिने मला फोन केला तेव्हा रडत होती.)

ते लॅमिनेशन फाडा आणि जा, असं लिहिणार होते. पण का फाडायचं ते न सांगता कसं लिहू? हे पान मी तिसऱ्यांदा लिहायला घेतलंय. आधीच्या दोन पानांवर आणखी काही लिहिलं होतं, ते फाडून टाकलं. आत्ताही थांबते.

तुम्ही जा, वन्सं. एवढं माझ्यासाठी करा.

भावजय

१६ फेब्रुवारी

वन्सं,

कालचं पत्र पेटीत टाकलं आणि घरापर्यंत येईतो मला कळून चुकलं, की त्या पत्राने तुम्ही जागच्या हलणार नाही. मी तुमच्या जागी असते तर मीही हलले नसते. म्हणून आता सांगते. बसून वाचा.

तो रिपोर्ट तुमचा नाही. तो माझा आहे.

ती सकाळ तुम्हाला आठवत असेल. नोकरी लागायच्या आधीपासून, केंद्रात ऐकून आल्यापासून, आठ महिने मी तुमच्या मागे लागले होते. ब्रश असा धरायचा, आत घालून पाच वेळा फिरवायचा, नळीत बुडवायचा, झाकण लावायचं, दुखत नाही, डॉक्टरसमोर पाय फाकून झोपावं लागत नाही, आपल्याच न्हाणीघरात आपणच करायचं. तुम्ही कधी पाणी तापवायच्या निमित्ताने उठायचात, कधी मलाच कामाला लावायचात. शेवटी त्या दिवशी म्हणालात, "आण ती नळी. पण हे एकदाच. पुन्हा कधी विषय काढलास तर तुझं तोंड बघणार नाही." तुम्ही आत गेलात, मी दाराबाहेर उभी राहून अखंड बडबडत होते. तुम्ही रुमालात गुंडाळून नळी हातात दिलीत आणि म्हणालात, "झालं समाधान?"

माझं एवढं समाधान झालं की मी झाकण बघितलं नाही. केंद्रातल्या सिस्टरने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, झाकण दोनदा फिरवून बघायचं. मी नळी पिशवीत टाकली आणि आणखी दोन घरं करून केंद्रात गेले. पिशवी उघडते तर फॉर्म ओले आणि नळीच्या तळाशी थेंब नाही.

असं झालं तर काय करायचं तेही ठरलेलं होतं. रजिस्टरमध्ये "नमुना सांडला" असा रकाना आहे. त्यात खूण करायची आणि बाईकडे जाऊन पुन्हा नमुना मागायचा. मी पेन हातात घेतलं आणि तुमचं वाक्य आठवलं. तोंड बघणार नाही म्हणालात म्हणजे तुम्ही खरंच बघितलं नसतं. त्यात मला लागून तीनच आठवडे झाले होते. सिस्टरला सांगायचं माझ्या जिवावर आलं.

कपाटात जादा किट होतं. ते घेऊन मी केंद्राच्या संडासात गेले आणि माझाच नमुना घेतला. त्या नळीवर तुमच्या नावाचं लेबल चिकटवलं. माझ्या स्वतःच्या नावाची नळी आदल्याच आठवड्यात गेली होती. तीही चांगली आली, हीही चांगली आली. एकाच बाईचे दोन रिपोर्ट आले, आणि त्यातला एक तुम्ही लॅमिनेट केलात.

रिपोर्ट आला तेव्हा तुम्ही शेजारच्या बाईंना म्हणालात, "हिच्यामुळे झालं हो सगळं." मी तिथेच उभी होते. त्या दिवसापासून मला तुमच्या समोर यायचं धैर्य होईना. आधी आठवड्याला यायचे ती महिन्याला, मग नाहीच. नोकरीचा ताठा नव्हता, वन्सं. तुमचा भाऊ गेला आणि माझा रिपोर्ट सासरी कळला, तेव्हा माझी ताटवाटी वेगळी ठेवली होती. तुम्ही ती उचललीत आणि माझ्याच ताटात जेवायला बसलात. तेव्हा तुम्हाला स्वतःचं काही माहीत नव्हतं, तीन वर्षांनी कळलं. अशा बाईला मी फसवलं. मग स्टँडवर काय तोंड घेऊन येणार होते?

तेव्हा वाटायचं, तीन वर्षांनी तुमची पुन्हा तपासणी होईलच, तेव्हा खरं काय ते कळेल. तीन वर्षं काय, चुटकीसरशी जातील. अशी स्वतःची समजूत घालून मी मूग गिळून बसले.

तुमची तपासणी झालेलीच नाही. कधीच नाही. मला वाटेल ते बोला, दहा माणसांत बोला, पण आधी जाऊन या.

भावजय

३ मार्च

वन्सं,

पंधरा दिवस झाले, उत्तर नाही. सुनेला फोन केला तर ती "आई शेजारीच बसल्यात, मामी" एवढंच म्हणाली आणि ठेवून दिला. म्हणजे पत्र पोचलं.

मी सिस्टरला सांगितलं. तुम्हाला लिहिलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सांगणार होते, प्रत्यक्षात आठ दिवस लागले. रोज तिच्या टेबलापाशी जायचे आणि स्टेपलर मागून परत यायचे. शेवटी तीच म्हणाली, "तुला स्टेपलर नकोय. बस."

ती ओरडली नाही. रजिस्टर काढलं, तुमच्या नावाची ओळ शोधली, पट्टी लावून लाल रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, "नमुना या व्यक्तीचा नाही." मग विचारलं, "असे आणखी किती?"

"एकच," मी म्हटलं.

"पहिल्यांदा सगळे एकच म्हणतात."

"एकच आहे, सिस्टर. खरंच."

"मला तुझं खरं वाटतंय," ती म्हणाली, "पण मला वाटून चालत नाही."

माझ्या हातून आलेल्या एकशे बारा नळ्या. त्या सगळ्या बायकांना आता पुन्हा बोलावणार. त्यांतल्या कितीकींना मी महिनोन्‌महिने मनवलं होतं. एक शिवणकाम करते, ती मशीन थांबवायलाच तयार नसायची. एकीच्या नवऱ्याला तिच्या एचआयव्हीचं माहीत नाही, तिची नळी मी भाजीच्या पिशवीतून आणायचे. एकीला फक्त माझ्याशी बोलायला आवडायचं. आता त्यांच्या दारात दुसरी सोबतीण जाते आणि सांगते की तुमचा नमुना पुन्हा हवाय, का ते विचारू नका. पहिल्याच आठवड्यात चौघींनी तिच्या तोंडावर दार लावलं. माझ्या एका थापेने एवढ्या बायकांचा विश्वास उडाला, आणि यातली एखादी खरंच आजारी असली आणि रागाने आलीच नाही तर? हा विचार मला जेवताना येतो आणि मी ताट बाजूला सारते.

मला नळ्यांच्या कामावरून काढलंय. गोळ्यांच्या खिडकीपाशी रांग लावायचं काम दिलंय, तेही पुढच्या महिन्यापर्यंत. मग वरचे साहेब ठरवतील. मला त्याचं फार काही वाटत नाही असं लिहिणार होते, पण खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय. वाटतं. या नोकरीमुळे मला आयुष्यात पहिल्यांदा कोणी "बाई, तुम्ही सांगा" असं म्हणत होतं.

तुम्ही गेलात का, एवढंच मला कळवा. नुसतं "गेले" लिहिलंत तरी चालेल. तुम्हाला लिहायचं नसेल तर सुनेला सांगा.

भावजय

२० मार्च

वन्सं,

तुमचं पत्र आलं. सहा पानी. मी ते दारातच उभ्याने वाचलं, आणि दुसऱ्या पानावर अशी हसत सुटले की शेजारीण बाहेर आली. मग त्याच पानावर मी उंबऱ्यावर बसून पुन्हा पहिल्यापासून वाचलं. तिला काय सांगणार, कपाळ?

तुम्ही लिहिलंय ते मी पुन्हा इथे उतरवते, कारण मला अजून खरं वाटत नाहीये.

"मी ब्रश पाकिटातून काढला, नळाखाली ओला केला आणि नळीत घालून दिला. तू बाहेर बडबडत होतीस, मी आत नळ सोडून उभी. नवरा जाऊन एवढी वर्षं झाली, तिथे हात लावायचा म्हटलं की माझ्या अंगावर काटा येतो, तुला काय सांगू. आणि काही निघालं असतं तर? एक रोग काय कमी होता? तो रिपोर्ट चांगला आला तेव्हा मी मनात म्हटलं, वा, नळाच्या पाण्याला काही झालेलं नाही, हे यांनी बरं शोधून काढलं. त्या दिवसापासून तुमच्या तपासण्यांवरचा माझा विश्वास उडाला. लॅमिनेट केला तो तू पुन्हा मागे लागू नयेस म्हणून. आणि तू यायची बंद झालीस तेव्हा मला वाटलं, हिला कळलं. मी नळाचं पाणी दिलं हे हिने ओळखलं आणि आता ही माझं तोंड बघत नाही. म्हणून मीच आधी तोंड फिरवलं. तर आता फिटंफाट झाली असं समज. तू पाणी सांडलंस, रक्त नाही. रडत बसू नकोस."

पंचवीस वर्षं एका सुटलेल्या टाक्यासाठी शर्ट परत पाठवणारी बाई, आणि तिने हे करावं. मला राग आला, वन्सं. आठ महिने मी घसा कोरडा केला तो यासाठी? पण मग कळलं, की आठ महिने मी फक्त बोलत होते. तुम्हाला कसली भीती वाटते, हे मी एकदाही विचारलं नाही. तुम्ही उठून जायचात तेव्हा मी मागोमाग येऊन तेच पुन्हा सांगायचे.

फिटंफाट मात्र मला मान्य नाही. तुमच्या नळीत नुसतं पाणी होतं हे मला ठाऊक नव्हतं. मी नियमाने वागले असते, "सांडला" लिहून पुन्हा तुमच्या दारात आले असते, तर तुम्ही चार शिव्या घातल्या असत्या आणि दुसऱ्यांदा पुन्हा नळच सोडला असता. बरं, सोडला असता. ती पाण्याची नळी मी पुढे पाठवली असती, आणि प्रयोगशाळेने लिहून कळवलं असतं की यात बाईच्या अंगातलं काहीच नाही, नमुना पुन्हा घ्या. मग तुमची लबाडी तिथल्या तिथे उघडी पडली असती आणि मी तुम्हाला हाताला धरून सिस्टरपुढे उभं केलं असतं. प्रयोगशाळा ते ओळखते, वन्सं. तुम्ही समजलात तशी ती आंधळी नव्हती, मी तिला आंधळं केलं. तुमचा तपासणीवरचा विश्वास उडाला तोही माझ्यामुळेच.

तुम्ही तिसऱ्या पानावर इतक्या सहज लिहून टाकलंय, "कॅन्सर आहे, दुसऱ्या पायरीचा आहे, किरणांची लाइट द्यायची म्हणतात पाच आठवडे, रोज, आणि आठवड्याला एक केमोचं सलाइन." आणि पुढच्याच ओळीत सुनेने नवे पडदे घेतले. ते पडद्याचं मी तीन वेळा वाचलं.

तुमच्या मुलाशी मी बोलले, आणि त्याने तुमच्या डॉक्टरीणबाईंशी माझं बोलणं करून दिलं. त्या म्हणाल्या, गोळ्या तुम्ही कधी चुकवल्या नाहीत, त्यामुळे एचआयव्ही ताब्यात आहे आणि शरीर हे उपचार पेलेल. बरं होण्याची आशा चांगली आहे, असं त्या स्पष्ट म्हणाल्या. मग मी त्यांना एक प्रश्न विचारला. दोन वर्षांपूर्वी सापडलं असतं तर काय केलं असतं? त्या आधी म्हणाल्या, तेव्हा काय होतं हे आज कोणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. मी पुन्हा विचारलं. तेव्हा म्हणाल्या, बहुधा कॅन्सर झालेला नसता, नुसता बिघडलेला एवढासा भाग असता. तो तिथल्या तिथे जाळून टाकला असता आणि बाई त्याच दिवशी आपल्या पायांनी घरी गेली असती. किती वेळ लागतो, मी विचारलं. वीस मिनिटं, त्या म्हणाल्या.

तुमचा मुलगा म्हणाला, "मामी, हे आईला सांगू नकोस, काय उपयोग?" उपयोग काही नाही. पण तुम्ही मला माफ करून मोकळ्या झालात, तेव्हा काय माफ केलंत ते तुम्हाला माहीत असायला हवं. तुमच्यापासून लपवून मी दोन वर्षं काढली, आता पाच आठवडे तुमच्याशेजारी तसंच लपवत बसणं मला जमणार नाही.

हो, शेजारी. सोमवारी लाइट सुरू आहे, मी रविवारी दुपारच्या गाडीने येते. केंद्रातली रजा मंजूर होईल की नोकरीच जाईल, ते परत आल्यावर बघू. सुनेची नोकरी आहे, तिने रोज कशी सुट्टी घ्यायची? रोज तुम्हाला घेऊन जाणं, बाहेर बसणं, पाणी प्यायला लावणं, ओकारी आली तर पाठ चोळणं, हे मी करेन. तुमची भीती मला सांगा, या वेळी मी बोलणार नाही, ऐकेन.

वीस मिनिटांचं वाचून तुमचं मन फिरलं आणि मला घराबाहेर काढावंसं वाटलं, तर जरूर काढा. तो तुमचा हक्क आहे. पण पाच आठवड्यांनी काढा, वन्सं. आधी नाही.

तुमची भावजय